नडगीतले आठ स्क्रू

सुताराच्या उजव्या नडगीत धातूची एक पट्टी आणि आठ स्क्रू होते. स्वतःच बांधलेल्या पोटमाळ्यावरून तो पडला, ही गोष्ट तो कोणाला सांगत नसे; ती त्याची बायको सांगे, आणि चवीचवीने सांगे. त्याला आता वर्ष उलटलं होतं. पाय दुखत नव्हता, काम जोरात चाललं होतं, आणि नडगीचा एक्स-रे तर तो गिऱ्हाइकांना अशा थाटात दाखवी, की पाहणाऱ्याला वाटावं हे कपाटही यानेच बनवलं. एकही स्क्रू तिरका नाही, हे तो प्रत्येकाकडून कबूल करून घेई.

पण हे कौतुक करता करताच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उभा जन्म लाकडात स्क्रू पिळण्यात गेलेला. स्क्रू म्हटला की कधी ना कधी ढिला पडणारच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दरवर्षी जुन्या गिऱ्हाइकांकडे फुकट फेरी मारून तो दारांच्या बिजागऱ्या आवळून येई. मग आपल्या नडगीत फेरी मारायची कोणी? त्यात पाच वर्षांच्या नातीने एकदा फ्रिजवरचं चुंबक काढून त्याच्या पायाला लावून पाहिलं, तर ते टपकन खाली पडलं. सुताराचा चेहराच उतरला. साधं लोखंडसुद्धा नाही, मग आत भरलंय तरी काय!

बायको म्हणाली की तुमच्या डोक्यातले स्क्रू लग्नाआधीपासून ढिले आहेत, त्यावर संसार निभावलाच ना. तोही हसला. पण एक गोष्ट त्याला मनातून खात होती. पडण्याआधी तो नातीला खांद्यावर बसवून तीन मजले न थांबता चढे, आणि ती वरून ज्याच्या त्याच्या दारावर थापा मारत जाई. पडल्यापासून त्याने तिला एकदाही उचललं नव्हतं. रोज नवी सबब: आज पाठ धरलीय, आज हातात पिशवी आहे. आपण एकटे जिन्यात कोसळलो तर एक वेळ चालेल, खांद्यावर पोर असताना नाही. हळूहळू तिने मागणंच सोडून दिलं, ती नुसती त्याचा हात धरून चढू लागली, आणि ते त्याला फार लागलं.

शेवटी तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. आवळायला कधी येऊ, असं विचारून त्याने खिशातून आपला सगळ्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. तुमच्याकडे मापाचा नसला तर असावा म्हणून. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग नवा एक्स-रे काढून त्यांनी समजावलं की धातू चांगलाच आहे, त्याला चुंबक चिकटत नाही एवढंच.

"आणि काका, तुमचं लाकूड कापल्यावर जुळत नाही. हे हाड जिवंत आहे, ते केव्हाच जुळलंय. स्क्रू आता नुसते भाडेकरू."

"मग नातीला खांद्यावर घेऊ?"

"घ्या की. खुशाल."

सुतार तरंगतच घरी आला. शाळेच्या गाडीतून नात उतरली तसा तो जिन्यापाशी उकिडवा बसला आणि खांदा थोपटून म्हणाला, "चल, बस."

ती जागची हलली नाही. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग वर जिन्याकडे.

"नको आबा. मी वर बसले तर तुमचा हात कोण धरणार?"

पोरगी रुसली म्हणून मागत नाही, असं सुतार इतके दिवस समजत होता. तिने तर वर्षभर त्याला रोज तीन मजले सांभाळून वर नेलं होतं.

तो उठला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्याने तिला सांगितलं नाही. खणखणीत पाय पहिल्या पायरीवर ठेवत त्याने हात पुढे केला.

"जरा सावकाश हं," तो म्हणाला.

"हो, घाई नाही," असं म्हणून तिने त्याचा हात घट्ट धरला.