पेटीवाल्याचा डावा हात

माझ्या पेटीचा भाता फाटला, दुरुस्तीच्याही पलीकडे गेला, तेव्हा मुलानं हा प्लास्टिकचा कीबोर्ड आणून दिला. मी पट्टी दाबली, तर आवाजच नाही.

"मुकी वस्तू कुणी विकत आणतं का?" मी भडकलो.

सूनबाई लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. "बाबा, हा स्वतः वाजत नाही. कुठली पट्टी दाबली ते लॅपटॉपला कळवतो, आवाज तिथून येतो." तिनं वायर जोडली, सॉफ्टवेअरच्या यादीतून कीबोर्ड निवडला, पेटीचा आवाज लावला. सूर आला, पण आजाऱ्यासारखा.

"जरा जोरात दाबा."

"पट्टी बडवायची नसते! जोर भात्यात असतो!" मी उठायलाच निघालो होतो. ती मात्र माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. तो चाळीस वर्षांच्या सवयीनं हवेतच भाता मारत होता.

ती पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली. दहा मिनिटांनी माझा डावा हात धरून तिनं कीबोर्डच्या कडेच्या छोट्या चाकावर ठेवला. "आता पट्टी हलकीच दाबा. जोर या चाकात आहे."

चाक पुढे ढकललं, सूर भरून आला. मागे घेतलं, विरत गेला.

"ठीक आहे," एवढंच मी पुटपुटलो आणि चाक पुन्हा पुढे ढकललं. इतक्या मैफली केल्या, लोकांनी माझा उजवा हात पाहिला. डावा पाहणारी ही पहिलीच.