बाथरूमचं नवं लॅच

जगाच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या नवऱ्याने घरच्या बाथरूमची मोडकी कडी दोन वर्षं तशीच ठेवली होती. आत गेलं की दाराला भरलेली बादली लावायची. आणि काल, मी अवाक्षर न काढता, तिथे चकचकीत लॅच! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस उगाच स्क्रू फिरवणाऱ्यातला नाही.

धाकटी अजून अंगावर पीत होती आणि मला पुन्हा दिवस गेले होते, म्हणून हे मूल नको, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. सासूबाईंना मात्र कळू द्यायचं नाही, अशी मी नवऱ्याला शपथच घातली होती. कळलं तर त्या घर डोक्यावर घेणार, पाठोपाठ रडणार, आणि त्या रडण्यापुढे माझा निभाव लागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना नीट समजावलं. "दिवस कमी आहेत, म्हणून गर्भपात गोळ्यांनी किंवा सक्शनने, दोन्ही प्रकारे करता येईल. दोन्ही सुरक्षित. गोळ्या घेतल्यात तर कळा येतील, रक्त पाळीपेक्षा जास्त जाईल, पण घरीच होईल. क्वचित काही आत राहिलं तर पिशवी साफ करावी लागते. दुसरं सक्शन. भूल देऊन नळीने पिशवी रिकामी करतो. काही मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. इन्फेक्शन, पिशवीला इजा, असे धोके आहेत, पण फार थोडे."

"गोळ्याच बऱ्या," नवरा पटकन म्हणाला. "मला रजाही नाहीये."

"तुम्हाला विचारलंय का?" मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई माझ्याकडेच बघत होत्या. "गोळ्या घेतल्या तर बाथरूमला आतून कडी लावायची नाही हं. चक्कर आली तर कुणाला तरी आत येता आलं पाहिजे."

"ते केलंय मी!" नवऱ्याचा चेहरा फुलला. "बाहेरून चावीने उघडतं."

मला एकदम भरून आलं. मी आपली मनातल्या मनात काय काय रचत बसले होते! पण पाल काही गप्प बसेना. याला तर रजा नव्हती, मग बाहेरून दार उघडणार कोण?

"चावी कुणाकडे आहे?"

"अगं, तुझ्या काळजीपोटीच..."

"कुणाकडे?"

"आईकडे."

मी त्याच्याकडे पाठ केली.

"सक्शन," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "बहिणीला बोलावते मी. आजच होईल का? घरी जायच्या आत?"