केदारलिंगाचं टपाल

सायकल माणसाला वाहून नेते असं रत्नागिरीच्या बाजारात सांगतात. आमच्या गावात पहिले दोन महिने माणसानं सायकल वाहून नेली, आणि तो माणूस मी. गंगाराम, गावचा टपालवाला, वय पंचेचाळीस, डावा गुडघा कामातून गेलेला.

चौतीस सालच्या दिवाळीत साहेबांचा हुकूम आला. टपाल रोज बाराच्या आत गावात पोचलं पाहिजे. चालत जमत नसेल तर सायकल घ्या, तेही जमत नसेल तर शिमग्यानंतर दुसरा माणूस नेमू. हुकूम लिहिणाऱ्यानं आमचा गाव पाहिला नव्हता. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला खाडी, आणि मधल्या खळग्यात आम्ही. कावळासुद्धा आमच्याकडे यायचं तर दोनदा विचार करतो.

सायकल मी जैनुद्दीन तांडेलाकडून घेतली. जन्मभर समुद्रावर काढून तो म्हातारपणी घरी बसला होता. मुंबईहून येताना हौसेनं सायकल घेऊन आला आणि खाडीकाठच्या वाळूत ती चालेना, म्हणून माझ्या गळ्यात बांधली. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, त्यानंच मला शिकवलं.

"चाकाकडं बघू नको, गंगाराम. पुढं बघ. चाकाकडं बघनारा चाकातच जातो."

मी चाकाकडंच बघायचो. आठ दिवसांत दोन्ही कोपरं सोलून निघाली. नवव्या दिवशी सायकल सरळ गेली आणि मी इतका खूश झालो की थांबायचं विसरून करवंदीच्या जाळीत शिरलो.

सड्यावर एकदा पोचलं की रत्नागिरीपर्यंत तांबड्या खडीचा गाडीरस्ता होता. मातीनं माणूस मारुतीसारखा शेंदरी व्हायचा, पण सायकल पळायची. खरी पंचाईत गावातून सड्यापर्यंतची. तिथं वाटा तीन. पहिली पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या एकशे बेचाळीस पायऱ्या. चढताना सायकल खांद्यावर, उतरतानाही खांद्यावर. दुसरी खाडीलगतच्या खाजणाच्या बांधावरून, पण भरती आली की तिच्यावरून मासे जातात. तिसरी रावजी खोतांच्या कलमांच्या बागेतून. ही वाट वळणं घेत घेत अशी हळू चढत होती, की म्हशीलाही दम लागू नये. शिमग्यात आमच्या केदारलिंगाची पालखी त्या वाटेनं जायची. बाकी वर्षभर खोतांचं कवाड बंद आणि दोन्ही अंगांना छातीएवढा दगडी गडगा.

मी हात जोडून खोतांकडे गेलो.

"रावजीदादा, जान्यायेन्यापुरती वाट द्या. झाडाच्या पानाला हात लावायचा नाय मी."

"ती वाट देवाची हाय," खोत म्हणाले. "देव जातो, देवाचं जे असंल ते जातं. टपालवाले जात नायत."

"शिमग्याला सगळा गाव जातो की तिकडनं."

"देवाबरोबर जातो. तू एकटा कोन रं? आनि मेल्या, तू माझ्यासाठी आनतोस काय? दोन वर्सांत एक कार्ड तरी आनलंस?"

इथं खरी गोम होती. खोतांचा एकुलता मुलगा शिवा दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून मुंबईला गिरणीत गेला. तो खाडीवर मुंबईच्या पडावात चढत असताना खोत सगळ्या गावादेखत ओरडले होते, "पत्र टाकलंस तर न वाचता चुलीत घालीन!" पोरानं जन्मात बापाचं ऐकलं असेल तर ते एवढंच. आणि पत्र येत नाही याचा राग निघायचा माझ्यावर, जसा काही मीच ती वाटेत खात होतो.

पौष संपेपर्यंत मला अकरा दिवस उशीर झाला. साहेबांनी वहीत अकरा फुल्या मारल्या. मला भीती वाटत होती, ते कशाला लपवू? पगाराची होतीच. पण बारा वाजायला आले की काशीवहिनी परडं सोडून पुढच्या दारी यायची, हाजरा खालाचं सूप हातातच राहायचं. ज्यांच्या घरी सख्खा दीर आला तरी कोणी उठत नाही, तिथं मला बघून बायका उठून उभ्या राहायच्या. ते गेलं असतं तर मी गावात नुसता एक लंगडा राहिलो असतो.

अशात एक कार्ड आलं. माझ्या बायकोचा, सखूचा भाऊ रघू मुंबईला असतो. त्याला कावीळ झाली तेव्हा तो नवस बोलला होता. तो फेडायला रजा मिळेना, म्हणून त्यानं थेट देवालाच लिहिलं. पत्ता असा: श्री देव केदारलिंग, राहणार देऊळ. आत मजकूर: "नवस लक्षात आहे. रजा मिळताच येतो. कळावे."

मी घरी हसत हसत सांगितलं. सखू हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "देवाचं जे असंल ते देवाच्या वाटेनं जातं, असं खोतच बोल्ले ना? मंग ह्ये कार्ड कुनाचं हाय?"

माझ्या बायकोला शाळेत घातली असती तर आज ती वकील होऊन साहेबांना घाम फोडत असती.

देवळात गाव जमला. खोत लाल झाले. "देवाला कधी टपाल येतं काय? इचारा देवाला!"

आमच्याकडे अशा गोष्टी कौल लावून ठरतात. भागोजी गुरवानं देवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भागोजीची लेक मालन हर्ण्याला दिली आहे आणि ती पोटुशी होती, तिचं पत्र माझ्या गुडघ्यापायी दोनदा उशिरा आलेलं. भागोजीनं डावी पाकळी कशी दाबली ते मी पाहिलं नाही. असल्या वेळी पाहायचं नसतं. उजवी पाकळी लगेच पडली, गाडी चुकत असल्यासारखी.

देवापुढे खोतांचं चालेना. "बरं. देवाचं टपाल असंल त्या दिवशी येताना बागेतनं ये. नसंल त्या दिवशी पाखाडी. जाताना पाखाडीच. आनि कार्ड माझ्यासमोर वाचायचं, लबाडी चालायची नाय."

"वर्साला एक कार्ड येऊन काय होतंय?" सखू त्याच दिवशी म्हणाली. "रोज यायला पायजे." तिनं मला रघूला कार्ड लिहायला बसवलं. आमच्या गावचे एकोणीस जण मुंबईत एका खोलीत राहतात. रघूनं भिंतीवर पाळ्या लावल्या. रोज एकानं देवाला लिहायचं.

आणि खरंच रोज कार्ड येऊ लागलं. मी कवाडातून घंटी वाजवत यायचो, देवळासमोर सायकल टेकवायचो आणि केदारलिंगाला टपाल वाचून दाखवायचो, कारण भागोजीला अक्षर ओळखता येत नाही आणि देवाचंही काही नक्की नाही. "देवा, खोलीत ढेकूण फार झालेत." "देवा, आमच्या मुकादमाला जुलाब होऊ देत, फार नकोत, चार दिवस पुरे." "माझं धोतर कोणी नेलं ते तुला ठाऊक आहे, मला फक्त नाव कळव." एकानं तर लिहिलं, "विशेष काही नाही. पाळी होती म्हणून टाकलं." भागोजी प्रत्येक कार्ड तळहातावर घेऊन देवाला दाखवायचा आणि कोनाड्यात ठेवायचा. खोत खांबाला टेकून ऐकायचे. हसू आलं की खोकायचे.

माघ अर्धा होईपर्यंत एकही नवी फुली पडली नाही. पण खोत काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. एक दिवस म्हणाले, "शिमग्याला समदे चाकरमानी गावाला येतील, तवा कार्ड कोन टाकनार रं? पंधरा दिवस खाडे झाले की तुझा साहेब हायच." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीला पिशवी उघडली आणि देवाचं कार्ड वर आलं. कार्ड उघडं असतं, आणि टपालवाल्यानं ते वाचू नये असं मला कोणी लिहून दिलेलं नाही. मी वाचलं. सड्यावर येईपर्यंत तीनदा थांबून वाचलं. हे खोतांसमोर वाचावं तर ते चवताळून कवाडाला कायमचं कुलूप घालतील. न वाचावं तर आज देवाचं टपाल नाही, आणि खांबाला टेकलेला तो म्हातारा रोजच्यासारखा रिकामा घरी जाईल. मी बागेतल्या वाटेनं खाली आलो. कवाडाजवळ एक लहान कलम आहे, भोवती दगडांचं आळं. रोज येताना दिसायचं, पण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

देवळात मी घसा साफ केला आणि वाचलं.

"श्री देव केदारलिंगाचे चरणी शिवाचा दंडवत. आज पाळी माझी आहे. माझे वडील नाना पाखाडीवर घसरले असं रघूमामानं सांगितलं. काठी घ्या म्हटलं तर ते घेणार नाहीत, तेव्हा तूच काय ते बघ. मी बरा आहे. त्यांनाच लिहिलं असतं, पण त्यांनी नको म्हटलंय. शिमग्याला सगळे गावाला येणार आहेत. मी खोलीची राखण करीन आणि रोज तुला लिहीन, म्हणजे गंगाराममामाची वाट बंद पडणार नाही."

भागोजी हात पुढे करायचा विसरला. खोत खांब सोडून सरळ उभे राहिले होते.

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

"दे हिकडं ते."

"देवाचं टपाल हाय, दादा," भागोजी हळूच म्हणाला. "देवाचं देवालाच जायचं. तुमीच ठरवलंत."

खोतांनी देवाकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर त्याचं कानशील लाल झालं असतं. मग ते पायरीवर बसले. म्हणाले, "देव कुनाला जबाब देत नाय काय?"

"आजपातुर तरी दिलेला नाय."

"मंग आज दील. गंगाराम, कोरं कार्ड काढ. लिही."

मी मांडीवर पिशवी ठेवून लिहायला घेतलं.

"शिवास आशीर्वाद. तुझं कार्ड पावलं. तुझ्या बापाचा पाय बरा हाय. काठी घेतलीय." खोतांच्या हातात काठी नव्हती. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले, मी निमूट लिहिलं. "खोलीला राखन लागत नाय. कुलूप लाव आनि शिमग्याला ये."

शिवा आला तर पंधरा दिवस देवाला लिहायला मुंबईत कोणीच उरत नव्हतं. पण तो "ये" मी ठसठशीत लिहिला, इतका की टाक फाटला.

खोत थांबले. उपरण्यानं नाक पुसलं. "आनखी लिही. कवाडाजवळ तू लावलेल्या कलमाला पयला मोहोर आलाय. थोडका हाय. पन हाय."

"खाली सही?"

"माझी कशाला? देवाची कर."

मी केली. "उद्या सकाळी नेतो."

"उद्या? पिशवी कधी बंद होते?"

"आज चार वाजता. पन पाखाडी चढून जायचं तर माझा गुडघा..."

"पाखाडीनं कोन सांगतंय तुला?" खोत एकदम जुन्या आवाजात गरजले. "देवाचा जबाब हाय! बागेतनं जा. आनि तो येईस्तोवर रोज बागेतनंच जा, बागेतनंच ये. आला की मंग बी तसंच. आता उभा काय ऱ्हायलास, मेल्या, पळ!"

मी सायकलवर टांग टाकली. कवाड सताड उघडं होतं. त्या कलमापाशी वेग कमी केला. आळ्यातली माती सकाळीच शिंपल्यासारखी ओली होती, आणि शेंड्याला बोटभर मोहोर. मागून खोतांची आरोळी आली, "चाकाकडं नको, पुढं बघ! कलमाला धक्का लागंल!"

आमचा केदारलिंग वर्षातून एकदाच देवळाबाहेर पडतो, तोही शिमग्याला. माघ महिन्यात कुठल्या कलमाला मोहोर आला हे त्याला कसं कळलं, ते मी कोणाला विचारलं नाही.