रेषेबाहेरचा पाव्हणा

"तिची लाळ पुसा, तिची घाण काढा, तिच्या अंगावरून हात फिरवा. आणि माझ्या गुडघ्यांना मात्र या घरात कुत्रं विचारत नाही," किटली घासता घासता वहिनी पुटपुटल्या.

डेअरीच्या मागच्या अंगणात अजून नीट उजाडलं नव्हतं. धुक्यानं भिंती ओल्या झाल्या होत्या, आणि किटल्या धुतलेल्या पाण्यानं तिथल्या चिकणमातीचा असा राडा झाला होता, की चपला हातात घेऊन उभं राहिलेलं बरं. रांगेत सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या आक्काला ते पुटपुटणं स्वच्छ ऐकू आलं. पण तिनं ऐकल्याचं दाखवलं नाही. बाईनं नवऱ्याची तक्रार किटलीत तोंड घालून केली, तर ती किटलीनंच ऐकली असं समजायचं असतं.

वहिनींचे मालक म्हणजे मीटरभाऊ, डेअरीचे टेस्टर. काचेचं मीटर दुधात सोडून ते एक डोळा मिटून बघायचे, आणि तेवढा वेळ सगळी रांग श्वास धरून उभी राहायची. वीस वर्षांत त्यांनी कुणाचं पाणी लपू दिलं नव्हतं. सख्ख्या भावाचं दूधही एकदा परत पाठवलं होतं. माणूस सरळ होता, म्हणून तर त्याचा त्रास जास्त.

या मीटरभाऊंना उतारवयात कुत्र्याचं वेड लागलं. शहरातून त्यांनी अल्सेशियन कुत्री आणली. नाव प्रिन्सेस, गावाच्या तोंडी प्रिन्शी. तिच्या अकरा पिढ्यांचा कागद त्यांनी चौकटीत घालून फॅटच्या मशीनवर टांगला. त्यांच्या स्वतःच्या आजोबांचा फोटो त्या जागेवर होता, तो कपाटामागे गेला. मग कोंबडीवाल्यानं डॉबरमन आणला, कंत्राटदाराच्या बायकोनं पांढरं केसाळ कुत्रं आणलं, आणि सकाळी दूध राहिलं बाजूला, कुणाचं कुत्रं उकळलेलं पाणी पितं आणि कुणाचं गाळलेलं, यावरच बोलणी चालू झाली. मीटरभाऊंनी डेअरीच्या पुढच्या अंगणात चुन्याची एक रेष मारली. कागदवाली कुत्री रेषेच्या आत, सावलीत. बाकीची बाहेर, उन्हात.

आक्काचं कुत्रं अर्थातच बाहेर. दहा वर्षांपूर्वी ते कुठून तरी आलं आणि गोठ्याच्या दारात असं ऐसपैस बसलं, की आक्काचा नवरा म्हणाला, पाव्हणा आलाय, भाकरतुकडा टाक. तेच नाव पडलं. एक कान उभा, एक कान मोडलेला. शेपूट पाठीवर गोल वळलेलं, टोकाला पांढरं, चुन्यात बुडवल्यासारखं. मीटरभाऊ त्याला नावानं हाक मारत नसत. ते म्हणायचे, "आली का भेसळ?" आणि रांग हसायची. पुढच्या क्षणी मीटर आपल्या दुधात बुडायचं असलं, की माणसाला हसू लवकर येतं.

पण भेसळ म्हणा नाहीतर काही म्हणा, आक्काचं घर त्या कुत्र्याच्या जिवावर चाललं होतं. तिच्या तीन म्हशी. दुपारी तळ्यात उतरल्या की थोरली काही केल्या बाहेर यायची नाही, आणि ती नाही म्हणून बाकीच्या दोघी नाहीत. आक्काचा नवरा कमरेतून गेलेला, आक्काची पाठ धरलेली. पाव्हणा पोहत जायचा, थोरलीच्या नाकासमोर गोल गोल फिरायचा आणि एका लयीत भुंकायचा. चावायचा नाही, घाईही करायचा नाही. थोरली कंटाळून उठायची. आता मात्र त्याला दम लागायला लागला होता. मागच्या वर्षी आक्कानं दोन पिल्लं आणून बघितली. एक पाण्याला भ्यालं, दुसऱ्यानं थोरलीच्या शेपटीला असा चावा घेतला, की ती चार दिवस पान्हवली नाही. आक्काला पाव्हण्याच्याच रक्ताचं पिल्लू हवं होतं. ते नाही मिळालं तर येत्या उन्हाळ्यात म्हशी विकायच्या, हे नवरा-बायकोचं न बोलता ठरलं होतं.

इकडे मीटरभाऊंनी प्रिन्शीला गाडी करून शहरात नेलं, तितक्याच पिढ्यांच्या नराकडे. परत आणल्यावर मध्येच काही मिसळू नये म्हणून त्यांनी आपल्या धंद्यातला तोडगा काढला. डेअरीत दुधावरून वाद झाला, की नमुना बाटलीत भरायचा, बुचाला दोरा गुंडाळायचा, वर लाख ओतून शिक्का मारायचा, ही त्यांची रीत. तशीच प्रिन्शी त्यांनी रिकाम्या किटल्यांच्या खोलीत ठेवली, दाराच्या कडीला दोरा गुंडाळला आणि लाखेचं सील ठोकलं. पंधरा दिवस. सगळ्या रांगेला बोलावून दाखवलं.

आता त्या खोलीच्या मागच्या भिंतीला जमिनीलगत एक झडप होती. भरली किटली पुढं द्यायची आणि कालची धुतलेली या झडपेतून घ्यायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. प्रिन्शीचं खाणंपिणंही वहिनी तिथूनच सरकवत. पण मीटरभाऊंच्या लेखी ती किटल्यांची झडप होती. तिला कुणी दार समजेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, कारण त्या वेळी ते कायम पुढच्या खोलीत फॅटचं मशीन फिरवत असायचे. आक्काला वाकवत नाही म्हणून तिची किटली रोज पाव्हणा काढायचा. चाळीस किटल्यांत कडीला फडकं गुंडाळलेली एकच. झडपेतून आत जायचा, फडकं दातात धरायचा आणि बाहेर ओढून आणायचा.

तर सील ठोकल्याच्या सातव्या दिवशी, वहिनींचं गुडघ्यांविषयीचं बोलणं संपतं न संपतं तोच, पाव्हणा नेहमीसारखा आत गेला.

त्या दिवशी किटली यायला वेळ लागला.

रांगेनं आधी एकमेकांकडे बघितलं. मग कुणीच कुणाकडे बघेना. आक्कामागे उभा असलेला गवंडी धुक्याकडे बघत म्हणाला, "आज किटली जरा खालच्या बाजूला गेलेली दिसते."

"चाळीस आहेत," आक्का म्हणाली. "शोधायला वेळ लागणारच."

वहिनींनी हातातली किटली खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि झडपेचं पत्र्याचं दार हळूच पुढं लोटलं.

"वारं फार सुटलंय," म्हणाल्या.

वाऱ्याचा मागमूस नव्हता. धुकं जागच्या जागी उभं होतं. पण रांगेतल्या सगळ्यांनी अंगाभोवती शाली-घोंगड्या ओढून घेतल्या आणि वारं फार असल्याचं मान्य केलं.

मग गाव दिवस मोजायला लागलं. कुत्रीचे साठ आणि तीन. पंधराव्या दिवशी मीटरभाऊंनी दोरा कापून सील उतरवलं, प्रिन्शीचं पोट दिसायला लागलं, मीटरभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला लागले की एकेक पिल्लू आधीच सांगून ठेवलेलं आहे, एक डेअरीच्या चेअरमनच्या जावयाला, एक डॉक्टरला, एक कोंबडीवाल्याला. ऐकणारा मान हलवायचा आणि वळला की कोपरखळी मारायचा. आक्काच्या गोठ्यात मात्र पाव्हण्याला रोज वाटीभर साय जास्त मिळायला लागली. नवऱ्यानं कारण विचारलं तर ती म्हणाली, असू दे, दमतो हल्ली.

त्याच किटल्यांच्या खोलीत पाच पिल्लं झाली. पहिले काही दिवस सगळी उंदरासारखी, काही कळायला मार्ग नव्हता. महिन्यानं शेपट्या वर चढायला लागल्या. नुसत्या वर नाही, गोल. टोकाला पांढऱ्या. मीटरभाऊंनी शेपट्यांना सकाळ-संध्याकाळ कोमट तेल चोळून त्या सरळ करायला घेतल्या. कान उभे राहीनात तशा त्यांना चिकटपट्ट्या लावल्या. आणि पिल्लांवर भलत्या कुत्र्याची सावली नको म्हणून चुन्याची रेष मागच्या अंगणातही आली, झडपेपासून दहा हात. पाव्हणा रेषेबाहेर उभा राहायचा, आणि आक्का पाठ धरून आपली आपण वाकायची.

त्याच दिवसांत तिनं धीर करून विचारलं. पुढच्या खोलीत मीटर दुधात होतं, मीटरभाऊंचा एक डोळा मिटलेला. ती म्हणाली, पाचातलं एखादं नको असलेलं असेल तर मला द्या. तळ्यावर लागतं.

मीटरभाऊंनी दुसरा डोळा उघडला. "आक्का, अकरा पिढ्यांचं रक्त आहे. ते तुमच्या म्हशींच्या शेपटीमागे पळवायचं? मी काय चांगलं दूध डबक्यात ओतू?"

आक्काला एक वाक्य बोलायचं होतं. जिभेवर आलेलं होतं. ते बोलली असती तर डबकं कुणाचं आणि दूध कुणाचं, हे तिथल्या तिथं कळलं असतं. पण ते बोलायचं म्हणजे पत्र्याचं दार कुणी लोटलं, हेही निघालं असतं. भिंतीपलीकडे किटल्या घासल्याचा आवाज येत होता. ती आपल्या दुधाची चिठ्ठी घेऊन गप निघाली.

पिल्लं दोन महिन्यांची होत आली तेव्हा कागद करून द्यायला शहरातल्या कुत्र्यांच्या मंडळाचे साहेब आले. तोवर ऊन तापलं होतं, अंगणातला राडा वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. ज्यांना पिल्लं सांगितली होती ते सगळे इस्त्रीच्या कपड्यांत जमले. साहेबांनी एकेक पिल्लू उचललं, चिकटपट्टी बघितली, शेपूट बोटानं सरळ केलं आणि सोडलं. शेपूट टपकन गोल झालं. पाचही वेळा.

"खोलीत दुसरं कुणी येत होतं का?" साहेबांनी विचारलं.

मीटरभाऊंनी जपून ठेवलेलं लाखेचं सील काढून दाखवलं. अखंड होतं. साहेब सीलकडे बघत राहिले, मग त्यांची नजर उघड्या दारातून रेषेबाहेर गेली. तिथं पाव्हणा मागच्या पायानं मोडका कान खाजवत बसला होता. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. शाई वाळली असावी, म्हणाले, पुन्हा कधी तरी बघू. मग डॉक्टरना आठवलं की बायकोला केसांची अॅलर्जी आहे. चेअरमनच्या जावयाची बदली होणार असल्याचं कळलं. कंत्राटदाराच्या बायकोनं पिल्लं फार गोड आहेत असं सांगून पदर सावरला. कोंबडीवाला तेवढा थांबला. हळू आवाजात म्हणाला, उद्या सकाळी टोपलीत घालून ठेवा. कोंबड्या पोचवायला जातो तेव्हा डोंगरापलीकडं सोडून येतो. कुणाला कळायचं नाही.

मीटरभाऊ हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कोंबडीवाल्याचा टेम्पो उभा होता. बातमी रांगेत आली होतीच. वहिनी किटल्या घासत होत्या, एकच किटली, पुन्हा पुन्हा. आक्का पहिली उभी होती. घरून निघताना ती ठरवून आली होती की आज बोलायचं, मग पुढं काय व्हायचं ते होऊ दे. रेषेवर आली, वहिनींचे ते पाण्यानं सुरकुतलेले हात बघितले, आणि ठरवलेलं पुन्हा तिथंच राहिलं.

मीटरभाऊ टोपली घेऊन आले. दाढी केलेली नव्हती. त्यांनी कुणाकडे न बघता झडपेपाशी उकिडवं बसून पत्र्याचं दार उघडलं.

आत किटल्या पडल्याचा खडखडाट झाला. मग काही तरी फरफटल्याचा आवाज. मग झडपेतून एक गोल शेपूट बाहेर आलं, टोकाला पांढरं. मागून मागचे दोन पाय. उलटं उलटं येत, चारही पाय जमिनीत रोवून, पाचातलं सगळ्यात धाकटं पिल्लू एक किटली ओढत होतं. कडीला गुंडाळलेलं फडकं त्याच्या दातांत होतं. दात येताना चघळायला त्याला अख्ख्या खोलीत तेवढंच मऊ सापडलं असेल. किटली उंबऱ्यात अडकली. पिल्लू बसलं, श्वास घेतला, पुन्हा फडकं धरलं. चावलं नाही, घाई केली नाही. किटली सुटून मीटरभाऊंच्या पायाशी आडवी झाली.

रेषेबाहेर पाव्हणा उठून उभा राहिला आणि त्यानं शेपूट एकदाच हलवलं.

रांगेत कुणाला शिंक आली, कुणाचा पदर नीट करायचा राहिला होता. गवंडी आभाळ बघायला लागला. कोंबडीवाल्यानं टेम्पोचा हॉर्न हळूच दाबला.

मीटरभाऊंनी पिल्लू उचललं. वीस वर्षं दूध बघितलं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं, एक डोळा मिटून. मग त्या झडपेकडे बघितलं, तिच्या उंचीकडे, रुंदीकडे. मग बायकोकडे. वहिनींनी मान खाली घातली नाही.

"त्या दिवशी वारं फार होतं," वहिनी म्हणाल्या.

"असेल," मीटरभाऊ म्हणाले. त्यांनी पिल्लाच्या कानाची चिकटपट्टी हळूहळू सोडवली, एकही केस ओढला जाणार नाही अशी. कान मोडून खाली पडला. टोपली त्यांनी पायानं बाजूला सारली आणि कोंबडीवाल्याला हातानंच जा म्हणून खूण केली. मग उठले, रेषेपर्यंत चालत आले आणि पिल्लू आक्काच्या ओटीत ठेवलं. घसा खाकरला. सगळी रांग श्वास धरून उभी होती.

"विहीणबाई," ते म्हणाले, "नातवाला कामाला न्या. बाकीची चौघं आजोळी राहतील. आणि जावयाला असं रेषेबाहेर उभं करतात का कुठं? आत बोलवा त्याला."