अकरा हाका

कोर्टात तुरुंगाच्या वकिलाने दवाखान्याची जाडजूड नोंदवही धाडकन टेबलावर ठेवली आणि ताई बाकावर पुढे सरकली. आठ महिने मागून न मिळालेली वही आज हा माणूस आपण होऊन घेऊन आला होता, तेही हसत हसत.

धाकटा भाऊ मागे दोन शिपायांच्या मध्ये बसला होता. तुरुंगात त्याचे कान वाहायला लागले. अर्जांवर अर्ज केले, पण डॉक्टरचं तोंड दिसलं नाही. उजवा कान गेलाच. डावा कसाबसा हातभर अंतरावरचं ऐकायचा, आणि लवकर ऑपरेशन झालं नाही तर तोही जाणार होता. म्हणून तर त्याने तुरुंगावर दावा ठोकला होता. कैदी झाला म्हणून माणसाचा औषधाचा हक्क जातो की काय!

"डॉक्टर आले की शिपाई बराकीच्या दारातून नाव पुकारतो, साहेब," वकिलाने पानं उलटली. "हाक मारली, कैदी आला नाही. अशी अकरा वेळा नोंद आहे! यालाच उपचार नकोयत, आम्ही काय उचलून न्यायचं?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईचं तोंड उतरलं. पण क्षणभरच. मग ती अशी ताठ झाली की बाक करकरला.

"वकीलबाई!" तिने पुढच्या काळ्या कोटाची बाही खेचली. "हाक मारली म्हणतोय! अहो, हाक!"

"ऐकतेय मी, जरा थांबा..." वकीलबाई वळल्या, आणि त्यांचेही डोळे लकाकले. "अगं बाई!"

त्या ताडकन उठल्या. "साहेब, एवढंच विचारा. त्याच वहीत तक्रार कशाची लिहिलीय?"

समोरच्या वकिलाने पानावर बोट फिरवलं. "ऐकू येत नसल्याची," तो वाचून गेला, आणि मग घाईघाईने वही मिटायला लागला. आपल्याच हाताने त्याने पायावर धोंडा मारून घेतला होता.

न्यायाधीशांनी वही मागवून अकराही नोंदी वाचल्या. मग मागे बघत चांगल्या खड्या आवाजात धाकट्याचं नाव पुकारलं. धाकटा पंख्याकडे बघत बसला होता, तसाच बसून राहिला. आता कोणी हसलं नाही.

"याला आजच्या आज हॉस्पिटलात हलवा," ते म्हणाले. "आणि ही वही इथेच राहील."

न्यायाधीश आत जाताच ताई मागे भावाकडे धावली. हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तिला बघून धाकटा घाबरला.

"ताई, हरलो का गं?"

तिने त्याच्या डाव्या कानाला तोंड लावलं. "जिंकलो, येड्या! जिंकलो!"

तेवढ्यात खाली हॉस्पिटलला न्यायची गाडी लागली. बराकीच्या दारात हाका मारायचा तोच थोराड शिपाई बाहेर डोकावून आला, आणि सवयीने त्याने दारातूनच भलंमोठं तोंड उघडलं.

मग मिटलं. सगळी खोली ओलांडून तो आत आला आणि धाकट्याच्या खांद्यावर त्याने हलकेच हात ठेवला.