ज्योतीच्या मागं

आमच्या ह्यांच्यासारखा पळणारा माणूस नाशिकच्या अख्ख्या अंबड एमआयडीसीत नव्हता. बायको म्हणून नाय सांगत, कंपनीतले लोकच म्हणायचे. कामाची पाळी कुठलीही असो, हे पांडवलेण्याच्या पायथ्यापर्यंत पळून यायचे आणि दारात घाम पुसत विचारायचे, "प्रतिभा, चहा टाकला का?" जसं काय दूध आणायलाच गेले होते.

पण पळून पोट भरतं का? हे कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर होते. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा कुणाच्या तरी पाया पडा. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, ठेकेदारानं स्वच्छ सांगून टाकलं की दिवाळीनंतर घेणार नाय. म्हणजे खोली सोडायची आणि चांदवडकडं गावी जाऊन थोरल्या दिरांच्या, केरूदादांच्या मळ्यात राबायचं. नावाला घरचे, कामाला गडी. लग्नानंतर मी ते भोगलं होतं. चहात साखर जास्त घातली तरी जाऊबाई डब्याचं झाकण उघडून बघायच्या. मरेन पण तिथं परत जाणार नाय, असं मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात पर्सोनेलच्या साहेबांनी ह्यांना बोलावलं. साहेबांना शर्यतींचं वेड. म्हणाले, "झुंबर, इगतपुरीला हाफ मॅरेथॉन आहे. एकवीस किलोमीटर. पहिल्या दहात ये, कंपनीच्या टीममध्ये घेतो. टीममध्ये घेतलं म्हणजे परमनंट." हे मला सांगताना ह्यांचं तोंड असं, जणू बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितलीय. मीच ओरडले, "अहो, दहात काय, तिनात याल तुम्ही!"

आदल्या दिवशी एसटीनं इगतपुरीला गेलो. दसरा होऊन गेला होता. डोंगर अजून हिरवे, मधेच धुकं उतरायचं नि मधेच ऊन पडायचं. मुंबईचे पळणारे कॅमेरे काढून दरीचे फोटो घेत होते. मला कुठली दरी दिसते! मी ह्यांच्या पायांकडं बघत होते. धर्मशाळेत मी त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळलं, तर म्हणतात कसे, "अगं, घोडा हाय का मी?" मी म्हटलं, "हो. आणि सगळा डाव तुमच्यावर लावलाय." हसले बिचारे.

सकाळी शर्यत घाटनदेवीच्या देवळापासून सुटणार होती. ह्यांच्या कपड्यांची पिशवी घेऊन मी आधीच पुढं आले, तळ्याजवळच्या वळणावर, जिथं पाण्याचं टेबल मांडलं होतं. इथून जाताना एकदा तोंड बघायचं आणि मग शर्यत संपायची त्या शाळेच्या पटांगणावर जाऊन थांबायचं, असा माझा बेत.

पहिले पळणारे आले. हे नव्हते. म्हटलं, दम राखत असतील. मग घोळकाच आला. त्यातही नाय. पोटं सुटलेले आले, शाळेची पोरं आली, साडीवर बूट घातलेल्या दोन बाया हसत हसत गेल्या. कुठं पडले? काय झालं? देवीला हात जोडते तोच समोरून मशाल दिसली.

नगरपालिकेतल्या कुणा पुढाऱ्याचा भाचा पांढरेशुभ्र बूट घालून, शर्यतीच्या उद्घाटनाची मशाल उंच धरून, चार पावलं पळत नि दहा पावलं चालत येत होता. पुढं फोटोवाला मोटरसायकलवर उलटा बसलेला. आणि मशालीच्या मागं आमचे हे. बूट काढून गळ्यात अडकवलेले, अनवाणी, जागच्या जागी पाय हलवत.

मी कपाळावर हात मारून घेतला. कारण मला तिथल्या तिथं सगळं कळलं. आमच्याकडं घटस्थापनेला पोरं सप्तशृंगीच्या गडावर जातात, देवीपुढच्या दिव्यावर ज्योत पेटवतात आणि अनवाणी पळत गावात आणतात. त्या ज्योतीवर घटाचा दिवा लागतो. आमचे हे मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या पोरांत. पळायला शिकले ते तिथंच. आणि तिथला पहिला नियम, ज्योतीच्या पुढं कुणी जायचं नाय. ज्योत पुढं, पोरं मागं.

"अहो, काय चाललंय तुमचं? पुढं जा ना!" मी रस्त्यात धावले.

"देवीच्या समईवर पेटवली गं," हे म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर."

"असू द्या! ही फोटोची मशाल हाय, गडाची नाय!"

"देवी तीच ना पण?"

मी भाच्याकडं वळले. हात जोडले. "दादा, पाया पडते, जरा ती मशाल बाजूला घ्या. कुणाच्या अंगणात जाऊन उभे राहा. माझा माणूस अडकलाय."

तो हसला. "कुणी अडवलंय वहिनी त्याला? एवढा मोठा रस्ता मोकळाय." आणि फोटोवाल्यासाठी थांबलाच की तो मेला! मशाल थांबली, तसे हेसुद्धा थांबले.

सगळी शर्यत वळणापलीकडं दिसेनाशी झाली होती. मी ह्यांचा हात धरून ओढलं. छातीवर बुक्क्या मारल्या. "गावी जायचंय का? परत त्या घरात न्यायचंय मला? बोला ना!" हे नुसते मान हलवत होते, डोळे ज्योतीवर. आजूबाजूचे लोक बघत होते. बघू देत. हातातोंडाशी आलेला घास चालला होता माझा, लाज कसली धरू?

टेबलाखाली पाण्याची बादली होती. मी उचलली आणि मशालीवर ओतली. अर्धी भाच्याच्या अंगावर गेली. चर्र झालं, धूर निघाला, ज्योत गेली.

"गेली!" मी ओरडले. "आता कुणाच्या मागं राहता? पळा!"

हे माझ्याकडं बघत राहिले. मग त्या भाच्याच्या हातातून ओली मशाल काढून घेतली, वळले, आणि पळाले. असे पळाले की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. पण उलटे. देवळाकडं. कारण वाटेत ज्योत विझली तर जिथून पेटवली तिथूनच पुन्हा पेटवून आणायची, हासुद्धा नियमच. रागाच्या भरात मला आठवलाच नाय. "अहो, नका! तुम्हाला माझी शपथ!" करत मी मागं धावले. चप्पल तुटली, तशीच धावले. ते चढावर कधीच दिसेनासे झाले. मी रस्त्यात बसले आणि गळा काढला.

शाळेच्या पटांगणावर मी पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. साहेब होते. "झुंबर कुठंय?" त्यांनी विचारलं. मी देवळाच्या रस्त्याकडं बोट दाखवलं.

हे आले ते मांडव सोडताना. पुजाऱ्याकडून कोरडं फडकं आणि तेल मागून मशाल पेटवली होती आणि सगळं अंतर एकट्यानं पळून आले होते. पायांना रक्त. ज्योत साहेबांसमोर धरून म्हणाले, "पोचली साहेब." साहेबांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं वाटतं. ते म्हणाले, "मग आता देवीकडूनच परमनंट हो बाबा." बाजूचे हसले. साहेब गाडीत बसून गेले.

ज्योत हे पटांगणाशेजारच्या मारुतीपुढं ठेवून आले. मग आम्ही एसटी स्टँडवर बसलो. मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन ओल्या पदरानं पुसत होते आणि तोंडानं शिव्या देत होते. दोन्ही थांबत नव्हतं.

"तुला वाटतं मला कळत नव्हतं?" हे एकदम म्हणाले. "एकेक जण पुढं जात होता, माझा जीव तुटत होता. पुढं जायचंच होतं गं मला. पाय उचलायचाच नाय. तू पाणी ओतलंस तेव्हा बरं वाटलं. खरंच. म्हटलं, सुटलो, आता पळू. आणि पाय वळले ते मागंच." आणि हा एवढा मोठा माणूस स्टँडवर हुंदके देऊन रडायला लागला.

सगळा राग तिथंच बसला. पाय पुसत राहिले.

मग डोळे पुसून म्हणाले, "गावात काय सांगायचं? दादा विचारतील. आई विचारेल."

सासूबाई लंकाबाई म्हणजे देवीच्या भक्त. गावात ज्योत विझवणारी बाई म्हटल्यावर कुणी माझ्या हातचं पाणी घेणार नाय, हळदीकुंकवाला बोलावणार नाय, कांदा सडला तरी माझंच नाव घेतील, हे मला दिसत होतं. पण हा माणूस भावाच्या दारात मान खाली घालून उभा राहिलेलाही मला दिसत होता.

मी म्हटलं, "सांगा, पुढंच होतो, नंबर येणारच होता. बायकोनं मधेच ज्योत विझवली, म्हणून मागं फिरावं लागलं. तुम्ही आपणहून मागं राहिलात हे कुणाला सांगू नका."

मला वाटलं, हे नाय म्हणतील. निदान थोडं थांबतील, माझ्याकडं बघतील.

"बरं," ते म्हणाले. तेवढं एक मात्र माझं त्यांनी पटकन ऐकलं.