अणू कोणाला म्हणायचं?

मी एक जुना काळा चेंडू आहे, लिंबाएवढा, अंगाला चार भोकं असलेला. मित्रांनो, मला खेळायला नेऊ नका. मी कार्बनचा अणू आहे. म्हणजे वर्गात तसं सोंग घेतो. खरं तर मी प्लॅस्टिकचा, त्यामुळे माझ्या अंगात खरे कार्बन इतके आहेत की मोजता मोजता जन्म सरेल. पण मोठेपणा आयता मिळाला की फार खोलात शिरू नये.

एका भोकाचे पांढरे हायड्रोजन, दोन भोकांचे लाल ऑक्सिजन आणि जोडायच्या काड्या, अशा गोतावळ्यासह मी डब्यातून भाईंदर पूर्वेला चंदन सरांच्या क्लासमध्ये आलो. पहिली काही वर्षं माझा थाट होता. सर मला उंच धरून म्हणायचे, "देखो, कार्बन के चार हाथ!" मग भिंतीवर मोठा स्क्रीन लागला, रेणू त्यावरच गरगर फिरू लागले आणि आमची रवानगी कपाटावर झाली. माझं एक भोक तिथेच चिरलं. वाईट वाटलं, पण सवय होते.

यंदा अकरावीच्या मुलांना स्क्रीनवरचं काही कळेना, म्हणून सरांनी डबा खाली काढला. सर हिंदी माध्यमात शिकलेले, मनाने चांगले. इंग्रजीने मुलांचे चेहरे पडले की ते हिंदीत शिरत. "छोटे-छोटे अणु जुड़ते हैं, तब पॉलिमर बनता है," असं त्यांनी चारदा सांगितलं होतं.

जेसल पार्कची संचिता मराठी शाळेतून आलेली. दोन टेस्टमध्ये ती आपटली होती. तिचे वडील बबन लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. त्यांनी बजावलं होतं, "ह्या टेस्टला पण झोपलीस, तर सायन्स बंद. कॉमर्सचा फॉर्म भरून टाकू." फॉर्मची मुदत तिसऱ्या टेस्टच्या दिवशीच संपत होती आणि बबन तो घेऊन क्लासच्या दाराशी उभे होते.

टेस्ट म्हणून सरांनी टेबलावर इथीनचे तीन रेणू मांडले, प्रत्येकात दोन काळे, त्यांच्यामध्ये दोन काड्या आणि बाजूला चार पांढरे. "इनसे पॉलिथिन बनाओ. अणु जोड़ो."

संचिताने तिन्ही रेणू सुटे करायला घेतले. काड्या उपसल्या, पांढरे चेंडू एकीकडे, आम्ही काळे दुसरीकडे.

"अरे, जोड़ने को बोला, तोड़ क्यों रही हो?"

"सर, सुटा नहीं किया तो अणू जोडेगी कैसे?"

वर्ग खदाखदा हसला. तिने गडबडीने हात मागे घेतला आणि मी टेबलावरून घरंगळून बाकाखाली गेलो. सरांनी वहीत शून्य मांडलं. बबननी फॉर्म भरायला खिशातून पेन काढलं. संचिताचे डोळे भरले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून की काय, ती बाकाखाली वाकली.

"अब क्या ढूँढ रही हो?"

"अणू, सर. एक अणू गिर गया."

ती मला घेऊन वर आली. सर तिच्या तळहाताकडे बघत राहिले.

"इसको तुम अणु बोलती हो?"

"मग काय बोलणार? आमच्या पुस्तकात हाच अणू. जुळले की रेणू."

"रेणु?" सर मटकन खुर्चीत बसले. "हमारे यहाँ ये परमाणु है. जुड़ गए, तब अणु."

मित्रांनो, दोघंही आपापल्या भाषेत बरोबर होते. सर रेणू जोडायला सांगत होते, ती अणू जोडायला बसत होती. मला ते केव्हाच कळायला हवं होतं, पण चेंडूला कोण विचारतो?

"म्हणजे सर," बबन दारातूनच म्हणाले, "पोरगी ढ नाय?"

"गलती मेरी है, भाईसाहब," सर म्हणाले आणि वहीतलं शून्य खोडलं.

त्यांनी तिन्ही रेणू पुन्हा जुळवून दिले. "अब रेणु जोड़ो." संचिताने प्रत्येकातल्या काळ्यांमधल्या दोन काड्यांपैकी एकच सोडवली, पांढऱ्यांना हात न लावता एका रेणूचा कार्बन शेजारच्या रेणूच्या कार्बनला जोडला. सहा काळ्यांची साखळी झाली. चिरलेल्या भोकामुळे मी जरा डुगडुगत होतो, पण सुटलो नाही. बबननी पेन खिशात ठेवलं आणि फॉर्म चार घड्या घालून फाडला.

आम्हाला जपा, वापरून झालं की पुसून डब्यात ठेवा, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात, मीही सांगतो. वर माझी एक जास्तीची विनंती आहे. शेजारचं मूल पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल, तर हसण्याआधी ते ज्यावर अडलंय ती वस्तू त्याच्या हातात द्या आणि विचारा, तू याला काय म्हणतोस? त्या दिवशी हे कुणीच विचारलं नव्हतं. मी पडलो म्हणून निभावलं, नाहीतर एका शब्दापायी एका हुशार मुलीने जन्मभर स्वतःला ढ मानलं असतं.